पाठीवरचे बिऱ्हाड : मराठी ख्रिस्ती गायनाची पायवाट

वाकोल्याच्या गावठाणातून विद्यानगरीकडे चालत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. वाटेत वळणावळणावर हार घातलेले क्रूस भेटतात. एका बाजूला सेंट अँथनीचे चर्च राहते, आणि पुढे कालिन्यात १६०६ सालची परंपरा सांगणारे अवर लेडी ऑफ इजिप्तचे देऊळ लागते. देऊळ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. उत्तर कोकणातील जुने ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणत आले आहेत. हे सारे ओलांडून आपण विद्यापीठाच्या मराठी विभागात जातो आणि तेथे ख्रिस्ती मराठी साहित्याचा इतिहास शिकतो. त्या इतिहासात फादर स्टीफन्स असतात, बाबा पदमनजी असतात, रेव्हरंड टिळक असतात. ग्रंथ, आवृत्त्या, मुद्रणालये असतात. वाटेत लागलेले गावठाण मात्र त्यात नसते. तेथे गायिले काय जात होते, कोण गात होते आणि गाणारा कोठून चालत आला होता, हे प्रश्न बहुधा परीक्षेस येत नाहीत.

या लेखात आम्हांस त्या चालण्याविषयी लिहावयाचे आहे. ख्रिस्ती धर्माचे गायन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गलबतातून उतरलेला पाद्री, पेटी आणि पाश्चात्त्य चाल एवढेच उभे राहते. हे चित्र अगदी खोटे नाही, पण अपुरे आहे. मराठी ख्रिस्ती गायनाचा बराच मोठा भाग पुराणिक आणि हरिदास यांच्या पायवाटेने आला. ही वाट एकट्या माणसाची नव्हती. बायकामुलांसह, पोथ्यांसह, विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांची ती वाट होती. अशा एका कुटुंबाची हकिकत आपल्याजवळ बऱ्याच तपशिलाने शिल्लक आहे. ते कुटुंब त्या वेळी ख्रिस्ती नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या विषयाच्या आड न येता त्याच्या मुळाशी येते.

प्रथम वाकोल्याच्या परिसराचा जुना धागा हाती घेऊ. साष्टी नावाचे दोन प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. एक गोव्यातील आणि दुसरा मुंबईच्या उत्तरेचे बेट, ज्यावर वाकोला वसले आहे. गोव्यातील साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली आला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस रक्तपात झाला. देवळे पाडणारी सत्ता आणि त्यास प्रतिकार करणारे गावकरी समोरासमोर उभे राहिले, आणि पाद्री मारले गेले. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १६१६ साली, स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापून निघाले. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, परंतु त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत आणि म्हणणाऱ्यांच्या कंठात. त्यांवरूनच १९०७ साली मंगळुरात त्याची नवी आवृत्ती सिद्ध झाली. उत्तरेकडील साष्टीस स्वतःचे पुराण मिळाले ते फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश या पाद्र्याकडून. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा उत्तर कोकणच्या बोलीशी मिसळलेली आहे आणि विषय ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा आहे. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती लोकांत ते पुढे कित्येक पिढ्या वाचले गेले.

या दोन्ही ग्रंथांना 'पुराण' का म्हटले असावे? नव्या ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथीची उणीव भासू नये, हे उत्तर आपण नेहमी देतो. पण पुराण हा केवळ साहित्यप्रकार नाही. ती एक बैठक आहे. कोणी एक जण वाचतो किंवा गातो, बाकीचे बसून ऐकतात, ऐकणे हेच पुण्य मानले जाते, आणि शेवटी वाचणाऱ्यापुढे काहीतरी ठेवले जाते. ही बैठक ज्यांच्या अंगवळणी पडलेली होती त्यांनाच ख्रिस्ताचे पुराण ऐकविता आले. तेव्हा ही बैठक आतून कशी असे, हे कोणी सांगितले आहे का? सांगितले आहे, आणि तेही पुढे ख्रिस्ती झालेल्या एका पुराणिकाच्या मुलीने.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला होता. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या विद्वानांपुढे जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी शास्त्राधारे दिला. पुढे त्यांनी अरण्यातच आश्रम मांडला. रमाबाई सहा महिन्यांच्या असतील नसतील तोच तो आश्रम मोडला आणि कुटुंब यात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणले गेले. त्यानंतर सुमारे वीस वर्षे या मुलीला घर म्हणून ठाऊक होते ते देवळाचे आवार, घाट आणि धर्मशाळा.

रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. योगायोगाने 'क्रिस्तपुराण' पुन्हा छापून निघाले तेच हे साल. त्यात त्यांनी पुराणिकाच्या धंद्याचे जे वर्णन केले आहे ते मराठी समाजेतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. पुराणिक देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या काठी, लोकांच्या नजरेस येईल अशा जागी बसतो. हातात पोथी असते. तो मोठ्याने, सुरात वाचतो. येणारेजाणारे थांबतात, पोथीला नमस्कार करतात, फुले, फळे, धान्य, वस्त्र, पैसा ठेवतात आणि जातात. वाचलेले संस्कृत त्यांना कळत नाही, आणि ते समजावून देण्याचे बंधनही पुराणिकावर नसते. पवित्र शब्द कानावर पडणे एवढेच पुरेसे असते. आई, वडील, थोरला भाऊ श्रीनिवास आणि स्वतः रमाबाई यांनी याच रीतीने उदरनिर्वाह केला. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना लहानपणीच मुखोद्गत झाले होते. गावोगाव हिंडताना कानडी, हिंदुस्तानी, बंगाली अशा भाषा कानावर पडून येत गेल्या. मराठी मात्र आईच्या तोंडून आली.

आजच्या वाचकास हे जीवन रमणीय वाटण्याचा संभव आहे, परंतु त्याच्या पायाशी एक करार होता, हे विसरता कामा नये. पुराणिक भीक मागत नाही आणि मजुरी करीत नाही. तो म्हणतो आणि लोक देतात. जोवर लोकांजवळ देण्यास काही आहे तोवर ही प्रतिष्ठा टिकते. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने हा करार मोडला. दक्षिणेत अन्न नाही, अंगात मजुरीची सवय नाही, आणि ब्राह्मण विद्वानाने हात पसरणे लाजिरवाणे, अशा कोंडीत हे कुटुंब सापडले. होते नव्हते ते देवाधर्मात वेचले गेले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले आणि थोड्याच अवधीत आईही गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी म्हणून त्यांना ती खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावी लागली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. राहिले ते भाऊ आणि बहीण.

मग या दोघांनी उत्तरेची वाट धरली. चार हजार मैलांच्या आसपास त्यांची पायपीट झाली असे सांगितले जाते. पंजाब आणि काश्मीरपर्यंत ती पोहोचली. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, पोटात रानातली बोरे, आणि तीही सालीबियांसह गिळलेली. झेलमच्या काठी एका हिवाळ्यात थंडी असह्य झाली, तेव्हा दोघांनी वाळूत शरीराएवढे दोन खड्डे खणले, आत शिरून डोक्याखेरीज सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले आणि रात्र काढली. वाळूत पुरून घेतलेली ही दोन भावंडे अठरा हजार श्लोक कंठात बाळगून होती! सांगितलेली व्रते केली, तीर्थे केली, मूर्ती पूजिल्या, आणि पोथीत सांगितलेले फळ मिळाले नाही. श्रद्धा ढळली ती येथे. एखाद्या मिशनऱ्याशी झालेल्या वादात ती ढळलेली नाही. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा करताना आपण १८८३ च्या इंग्लंडमधील वाँटेजपासून आरंभ करतो. आमच्या मते आरंभ झेलमच्या वाळूपासून करावयास हवा.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, हे सर्वश्रुत आहे. तितकासा सर्वश्रुत नसलेला एक प्रसंग आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. ही भावंडे एका ख्रिस्ती मेळाव्यास गेली होती. तेथे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकीत होते. हे लोक खुर्च्यांना भजतात अशीच त्यांची समजूत झाली. त्यांना संस्कृत बायबलाची एक प्रत भेट मिळाली. तिची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृतापासून इतकी दूर होती की वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे रमाबाईंना वाटले. पुराण ऐकणाऱ्यास जसे पुराण कळत नव्हते, तसेच या पुराणिकाच्या मुलीस हे नवे पुराण कळेना. ती श्रोत्याच्या जागी बसली ती येथे, आणि श्रोत्याचे न कळणे म्हणजे काय ते तिला उमगले असावे. प्रत मात्र तिने टाकली नाही.

हा धागा हाती धरला म्हणजे पुढचे कार्य निराळे दिसू लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुली घेऊन आल्या. आपण ज्या वाटेवर पडलो होतो त्याच वाटेवर पडलेल्यांना उचलणे, असा त्या प्रवासाचा अर्थ होता. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. १९०५ साली त्यांनी तेथील मुलींना विचारले की आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास कोण जाईल. तीसएक मुली पुढे झाल्या. पुराणिकाचे कुटुंब पुन्हा वाटेस लागले, एवढाच फरक की आता हे कुटुंब रक्ताचे नव्हते आणि त्यातील बहुतेकींना पोथीजवळ बसण्याचा अधिकार जन्माने कधीच नव्हता. याच वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईस ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने शेवटची पंधरा-सोळा वर्षे आपल्या भाषेतून संस्कृत काढून टाकण्यात घालविली! ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला. समीक्षकांनी या भाषांतराच्या ओबडधोबडपणावर बोट ठेवले आहे आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण तो ओबडधोबडपणा कोणासाठी पत्करला गेला, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

पुराणिक बसून वाचतो, हरिदास उभा राहून गातो. दुसरी वाट या हरिदासांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन आकारास आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्याच्या आरंभाशी जोडले जाते. साचा सर्व जुना होता. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हाती चिपळ्या, साथीस मृदंग आणि टाळ. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे. हिवाळा लागला की मिशनचे दौरे निघत, तंबू ठोकले जात, आणि गाणारे गावोगाव उभे राहत. येथे एक महत्त्वाचा बदल घडला. हरिदासाला देवळाचा सभामंडप खुला असे. ख्रिस्ती हरिदासाला तो बंद होता. त्याचे श्रोते बहुधा गावकुसाबाहेर होते, महारवाड्यात आणि मांगवाड्यात होते, म्हणजे ज्यांना त्या सभामंडपाची पायरी कधीच चढू दिली गेली नव्हती अशा लोकांत. तेव्हा ख्रिस्ती कीर्तन म्हणजे जुन्या साच्यात ओतलेला नवा आशय, एवढे म्हणून भागत नाही. साचा उचलून दुसऱ्या अंगणात नेला गेला, आणि अंगण बदलल्यामुळे साचाही बदलला. शब्द कळलाच पाहिजे अशी जबाबदारी गाणाऱ्यावर पडली, कारण केवळ ऐकण्याने पुण्य लागते असे सांगण्याची सोय त्याला उरली नव्हती.

नारायण वामन टिळक या वाटेवर आले ते आगगाडीतून. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार भेट दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापुढची लक्ष्मीबाईंची परवड 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांना सांगावयास नको. त्यांना पंढरपुरास नेऊन ठेवण्यात आले. कित्येक वर्षे पती एका धर्मात आणि पत्नी एका धर्मात, अशी ओढाताण झाली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे घर म्हणजेही पाठीवरचे बिऱ्हाडच होते. नाशिक, वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, सातारा अशी त्याची ठाणी सांगता येतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. मराठी उपासनासंगीतात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तोही मिशनच्या चौकटीबाहेर पडून. ९ मे १९१९ रोजी त्यांचा मुंबईत अंत झाला तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. टिळकांचे आरंभीचे दहा-अकरा अध्याय, आणि लक्ष्मीबाईंचे चौसष्ट. ज्या बाईचे शालेय शिक्षण जवळजवळ शून्य, जिला लिहितावाचता येऊ लागले ते लग्नानंतर, तिने चौसष्ट अध्यायांची ओवी कोठून आणली? आमचे उत्तर असे आहे की ती कानातून आली. लहानपणी ऐकलेल्या पोथ्या, पंढरपूरची भजने, पतीची पदे आणि कीर्तने या साऱ्यांचे संस्कार तिच्या कानावर झालेले होते. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि त्या गद्याच्या बोलकेपणाचे कौतुक आपण आजवर करीत आलो आहोत. त्यामागे हसवता हसवता श्रोत्यास रडविणाऱ्या आख्यानकाराचा लयबंध आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासक्रमाने 'स्मृतिचित्रे' स्वीकारली आणि 'ख्रिस्तायन' बाजूस ठेवले. टिळकांचेही तसेच झाले. फुलामुलांचा कवी पाठ्यपुस्तकात गेला आणि पदे रचणारा टिळक चर्चमध्ये राहिला. एकाच माणसाच्या या वाटणीत साहित्याचे अध्यापक म्हणून आपलाही हात आहे, हे मान्य करणे प्राप्त आहे.

येथे एक आक्षेप येईल. पुराणिकाची वाट आणि पाद्र्याची वाट एकच, असे म्हणण्याने सत्तेचा प्रश्न झाकला जात नाही काय? तो झाकू नये असेच आम्हांसही वाटते. कुंकळ्ळीचा उल्लेख आम्ही त्यासाठीच केला. पोर्तुगीज सत्तेनेच १६८४ साली गोव्यात लोकभाषेचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले, म्हणजे ज्या भाषेत पुराण रचविले तीच भाषा पुढे नको झाली. मिशनच्या दौऱ्यांमागे परदेशी पैसा होता. पण गाणारी माणसे या सत्तेची केवळ साधने होती असे मानले तर रमाबाई, सांगळे, टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडून त्यांची वाट आपण हिरावून घेतो. रमाबाईंचे इंग्लंडमधील चर्चच्या अधिकाऱ्यांशी खटके उडाले आणि टिळक मिशनमधून बाहेर पडले. पुराणिकाच्या जातीला स्वतःच्या आवाजाची जी सवय असते ती सहजी सुटत नाही.

पुन्हा वाकोल्याकडे येतो. १८८७ साली मुंबईच्या या जुन्या मराठीभाषक ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. कंपनी सरकारशी असलेला जुना संबंध दाखवावा आणि गोव्याहून येणाऱ्यांपेक्षा आपण निराळे आहोत हे नोकरीच्या बाजारात सांगावे, हा त्यामागचा व्यवहार होता. नावाबरोबर हळूहळू घरातली भाषाही बदलली. प्रार्थना इंग्रजीत गेली आणि मराठी बोली राहिली ती लग्नाच्या गाण्यांत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. उपवासकाळात पुराण वाचण्याची बैठक तर कित्येक घरांत स्मरणातूनही गेली आहे. ग्रंथ ग्रंथालयात आहे, पण तो ज्या सुरात म्हटला जाई तो सूर ग्रंथालयात नाही.

म्हणून आमच्या अध्यापक मित्रांना एक साधी विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षी 'स्मृतिचित्रे' शिकवाल तेव्हा एखादे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याबरोबर 'ख्रिस्तायना'चा एक अध्यायही वाचा. विद्यार्थ्यांना विद्यानगरीच्या भिंतीबाहेरच्या गावठाणांत पाठवा. कोळेकल्याणच्या या जुन्या वस्तीत एखाद्या आजीला आईच्या आईकडून ऐकलेल्या दोन ओव्या अजून येत असतील. त्या लिहून घ्याव्यात, आणि त्याआधी, शक्य झाल्यास, तिच्यासमोर बसून नुसत्या ऐकाव्यात.